महापरसाद, वल्द दसाराम

डोळ्यांत थेंब पडायच्या अगोदर मी ते नाव पाहिलं होतं. मोबाइलवरची यादी बोटानं वर सरकवता सरकवता ते नजरेखालून गेलं, बोट थबकलं, मागे आलं, आणि तेवढ्यात नर्सनं "मान वर करा काकाजी" म्हणत दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. चरचरलं. मग भंडाऱ्यातला तो डोळ्यांचा दवाखाना, समोरचं कॅलेंडर, बाकावर ओळीनं बसलेली मोतीबिंदूची मंडळी, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं हललं. "अर्धा तास डोळे मिटून बसा, मोबाइल पाहायचा नाही," असं सांगून नर्स पुढच्या डोळ्यांकडे गेली. सहा वर्षं ज्याला शोधत होतो तो माणूस माझ्या मांडीवर काचेखाली पडला होता आणि मला तो वाचता येत नव्हता. शेजारी चंद्रकांता बसली होती. माझी बायको नागपूरची, तिला दवाखान्यात लोकांचे आजार ऐकायला आवडतं. मी म्हटलं, "जरा हे वाच ना." ती म्हणाली, "मोबाइल पाहू नका म्हटलं ना तिनं?" "मले म्हटलं, तुले थोडी म्हटलं." "मेलेल्याईची यादी घेऊन दवाखान्यात कोण येते हो? लोक पाहून राहिले." पण तिनं चष्मा नाकावर ओढला, पडदा डोळ्यांजवळ धरला आणि इंग्रजी अक्षरं एकेक जुळवत वाचलं: "महा... महापरसाद. वल्द दसाराम. मौजा नाकाडोंगरी, जिल्हा भंडारा." मग ती हसली. "हे काय नाव झालं? पंगतीत वाढल्यासारखं." पलीकडचे एक गृहस्थ डोळे मिटल्या मिटल्या हसले. मला हसू आलं नाही. नाकाडोंगरी माझं गाव. तिथे दसाराम नावाचा एकच माणूस होऊन गेला, त्याला एकच मुलगा होता, आणि त्या मुलाचं नाव भय्याजी होतं.

बत्तीस वर्षं मी जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळलं. रॅकला टांगलेलं कार्ड आणि रॅकमधला माल यांचा मेळ घालायचा, एवढंच काम. त्या कामात माणूस हळूहळू माणसांकडेही तसाच पाहायला लागतो. लग्नाला गेलो तरी मी आधी पंगत मोजतो. एकाही नवरदेवाचं तोंड मला आठवत नाही, असा चंद्रकांताचा आरोप आहे आणि तो खरा आहे. नवीन लागलेली पोरं मोजणीत तूट निघाली की घाबरायची. मी तुटीला कधी घाबरलो नाही. तुटीला कारण असतं: उंदीर, गंज, चोरी, कारकुनाची जांभई. मी घाबरायचो वाढाव्याला. एक नग जास्त निघाला की मी सगळे रॅक पुन्हा मोजायचो, कारण जास्तीचा नग आभाळातून पडत नाही. तो जिथून आला तिथे एक भोक पडलेलं असतं आणि ते कोणाच्या लक्षात आलेलं नसतं. महापरसाद वल्द दसाराम हा वाढावा होता. असा माणूस कधी जन्मलाच नाही. आणि भय्याजी वल्द दसाराम, जो जन्मला, ज्यानं नाकाडोंगरीच्या तलावाखाली धान रोवलं, ज्याची बायको होती, पोटातली लेक होती, तो यादीतल्या तीनशे बारा मेलेल्यांत कुठेच नव्हता. एक जास्त, एक कमी. बेरीज मात्र तीनशे बाराच. अशी चूक कोणत्याही तपासणीत सापडत नाही.

जहाजाचं नाव आर्डलिन. माझ्या वडिलांच्या, ताराचंदच्या, लष्करी डिस्चार्ज बुकात ते नाव एका ओळीत होतं: आर्डलिन बुडाले, १७ एप्रिल १९४३, बचावला. बाबा पंच्याऐंशी साली गेले, तोवर त्या ओळीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बाकी सगळं मी निवृत्तीनंतर गोळा केलं. मुंबईहून पलटणी घेऊन निघालेलं जहाज. त्यात आमच्याकडची एक कंपनी, बंदूक चालवणारी नव्हे, सडका बांधणारी, खड्डे खणणारी. भरती करणाऱ्याला हीच माणसं हवी होती. तलावाच्या पाळीवर माती टाकून टाकून यांचे खांदे तयारच होते. अरबी समुद्रात पाणबुडीनं नेम धरला आणि नऊ मिनिटांत जहाज गेलं. सत्तेचाळीस वाचले. कंपनीचं नामावळीचं रजिस्टर जहाजातच होतं, ते माणसांबरोबर खाली गेलं, म्हणून बंदरातल्या लष्करी इस्पितळात वाचलेल्यांच्या खाटेशी बसून कारकुनानं यादी नव्यानं लिहून काढली. तुझ्याबरोबर कोण होता? कोणाला बुडताना पाहिलं? नाव? बापाचं नाव? गाव? ही माहिती मला कळली तेव्हा मी त्या कारकुनाचं मनात कौतुकच केलं होतं. कागद बुडाल्यावर माणसांच्या तोंडून साठा मोजायचा, ही चांगली पद्धत आहे. फक्त तोंडाचा भरवसा हवा.

अर्धा तास मी डोळे मिटून बसलो आणि मला आमचं अंगण दिसत राहिलं. आमच्याकडे दोन माणसं महापरसाद होतात. जगन्नाथपुरीहून कोणी यात्रेकरू वाळवलेल्या भाताचा प्रसाद आणतो, दोघं तो एकमेकांच्या तोंडात घालतात, नारळ फुटतो, आणि त्या दिवसापासून ते एकमेकांचं नाव घेत नाहीत. मरेपर्यंत नाही. हाक मारायची तर 'महापरसाद', दुसऱ्याला सांगायचं तर 'आमचे महापरसाद'. नाव घेतलं तर समोरच्याचं आयुष्य तुटतं म्हणतात. सख्ख्या भावाशी कोर्टात भांडणारी माणसं हा नेम पाळतात, हे मी पाहिलं आहे. बाबा आणि भय्याजी पंधरा-सोळा वर्षांचे असताना महापरसाद झाले. लहानपणी एकदा, सातेक वर्षांचा असेन, मी जेवताना सहज विचारलं, "बाबा, तुमचे महापरसाद म्हणजे पुष्पाबाईचे बाबा भय्याजीच ना?" बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. रागावले नाहीत. उठले, हात न धुता बाहेर गेले आणि अंधार पडेतो बांधावर बसून राहिले. आई मला म्हणाली, "काहून नाव घेतलं रे त्याईच्या समोर?" माझ्या जिभेवर ते नाव तेव्हापासून जड आहे. आता डोळ्यांपुढे इस्पितळातली खाट होती, तेवीस वर्षांचा ताराचंद होता, अंगावर खाऱ्या पाण्यानं फुटलेले फोड. कारकून विचारतो, दुसऱ्याचं नाव? आणि हा, जो पूर्ण शुद्धीत आहे, जो चौथी पास आहे, ज्याला बापाचं नाव सांगता येतं, गाव सांगता येतं, तो म्हणतो, "महापरसाद." कारकून लिहून घेतो. उत्तरेकडे अशी नावं असतात. बाबांना कदाचित वाटलं असेल, नाव घेतलं नाही तर अजून पाण्यात कुठेतरी श्वास चालू राहील. किंवा काहीच वाटलं नसेल. नुसती जीभ वळली नसेल. सेहेचाळीस साली ते घरी आले. भय्याजीची बायको रुखमिणी दारात उभी राहून विचारू लागली तेव्हा एवढंच म्हणाले, "बंदरात आम्ही पांगलो, वहिनी." तिनं अर्ज केला, तेव्हा उत्तर आलं की भय्याजी नावाचा इसम मृतांच्या यादीत नाही. कोणी कारकुनानं भ च्या नावांत पाहिलं असेल, नसेल दिसलं. मीही तसंच पाहिलं असतं. सरकार म्हणतं मेला नाही, सोबती म्हणतो पांगलो, मग गावानं आपली बेरीज केली: पळाला. बसऱ्याला गोरी बाई ठेवली आहे, इथपर्यंत गावाला माहीत होतं. तिच्या केसांचा रंगसुद्धा माहीत होता.

पुष्पाबाई त्याची लेक. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून बाई म्हणजे थोरली बहीण. शाळेच्या वाटेवर पोरं तिला 'फरारीची पोर' म्हणायची, ते ऐकायला मी नव्हतो, पण ते शब्द गावात इतके मुरले होते की माझ्या वेळेपर्यंत ते तिचं टोपणनावच झालं होतं. म्हणणाऱ्याला त्यात शिवी आहे हे आठवायचंही नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या निवृत्तीच्या जेवणाला ती आली होती. हात धुताना म्हणाली, "कैलाश, तू जिंदगीभर हरवलेल्या वस्तू शोधल्या म्हणते. माह्या बापाले शोध ना. मेला असन तर मेला म्हणून लिहून आण. मले मरायच्या अगोदर फरारीची पोर नाही राहाचं." तिनं हे हसत म्हटलं होतं आणि टॉवेल मागितला होता. बस. ही एवढीच मागणी: एका यादीत एक नाव. मला ती सोपी वाटली होती. दोनदा मी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात भय्याजी नावानं चौकशी केली, दोनदा नाही म्हणून आलं. शेवटी मी पूर्ण यादीच मागवली, एकसष्ट पानं, आणि ती त्या सकाळी आली होती.

डॉक्टरांनी मोतीबिंदू अजून कच्चा आहे असं सांगितलं. रिक्षात मी चंद्रकांताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बाबांमुळे?" मी म्हटलं, "हो." "सांगाल पुष्पाबाईंना?" "नाव दुरुस्त करायला तिची सही लागते, माझं प्रतिज्ञापत्र लागतं. सांगावंच लागेल." "मग सांगा, पण जेवून सांगा," ती म्हणाली. "वाईट बातमी सांगून माणूस त्या घरी जेवू शकत नाही, आणि न जेवता आलात तर त्यांना अजून वाईट वाटेल." तिचे हिशोब माझ्यापेक्षा पक्के असतात.

आठ दिवसांनी बसनं नाकाडोंगरीला निघालो. भादवा लागला होता, पितृपक्ष चार दिवसांवर होता. वरठीच्या फाटकावर बस थांबली. स्टीलच्या कारखान्याची पाळी सुटलेली, मोटारसायकली, सायकली, डब्यांच्या पिशव्या, हेल्मेट कोपराला अडकवलेली माणसं. मी सवयीनं मोजायला लागलो. सत्तेचाळीसला थांबलो. एवढेच. फाटकाच्या या बाजूला, मालगाडी जाईस्तोवर, एवढीच माणसं त्या पाण्यातून वर आली होती. उरलेली वरठी, सगळा बाजार, कारखान्याचं गेट, पानठेले, समोसे तळणारा, शाळेतल्या पोरी, हे सगळं खाली. आणि या सत्तेचाळिसांतला प्रत्येक जण आता घरी जाऊन काय सांगणार? बंदरात पांगलो, वहिनी. मालगाडी संपेना. शेजारचा म्हणाला, "काका, तब्येत बरी नाही का? घाम येऊन राहिला." मी म्हटलं, "डोळ्यात औषध टाकलं होतं." आठ दिवसांपूर्वीचं औषध. खोटं बोलणं किती हाताशी असतं, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

तुमसरच्या पुढे दोन्ही बाजूंनी धान उभं, पोटरीवर आलेलं, मग सागाचं रान, मग मॅंगनीजच्या खाणीचे काळे ढीग. पुष्पाबाई ओसरीवर खाटेवर बसली होती. केस पांढरेशुभ्र, पाठ वाकलेली, नजर मात्र माझ्या पिशवीवर. "आला का रे? काहून फोन नाही केला? रेणू, कैलाशमामा आले, भात टाक." रेणू तिची सून. मी चंद्रकांताचं ऐकलं, आधी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. मग खुर्ची खाटेजवळ ओढून मी सांगितलं. जहाज सांगितलं, नऊ मिनिटं सांगितली, कारकून सांगितला, आणि बाबांनी काय नाव दिलं ते सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. संपल्यावर तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि तिचे खांदे खाली आले, जसे डोक्यावरचा भारा उतरल्यावर येतात. "पळाला नाही," ती म्हणाली. "नाही." "रेणू, ऐकलं का? पळाला नाही माह्या बाप." रेणू दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, "बाई, माझ्या बाबांमुळे तुम्हां मायलेकींना..." "चूप राह्य. तो कसं नाव घेईन? महापरसाद होता. मी असती तरी नसतं घेतलं." मग ती हसली, त्या वयातही तिचे पुढचे दात शाबूत आहेत. "आई तर नवऱ्याचं नाव घे नाही, मित्र मित्राचं नाव घे नाही, माह्या बापाचं नाव घेतलं ते फक्त लोकाईनं, गाली द्याले." मग तिला आई आठवली. "आईले मी अविधवा नवमीले जेवू घालत आली रे अठ्ठावीस वर्षं. कुंकू लावून गेली ती. ते आता कसं करावं?" मग तिनंच ठरवलं, "राहू दे तसंच. तिले आता कोण सांगाले जाते. पण बापाचं करीन. पितर लागून राहिले. तिथी सांग मले. कोण्या दिशी गेला?"

मी तोंड उघडलं होतं. सतरा एप्रिल, म्हणजे चैत्र शुद्ध त्रयोदशी. मी पंचांग पाहून ठेवलं होतं, मी अशी तयारी करून जातो. पण ती उठून आत गेली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. "थांब. आधी हे पाहून घे. तुले कधी दाखवलं नाही." पेटीत तीन पत्रं होती, मेणकापडात. "बाप अंगठेबहाद्दर. तुह्या बापानं लिहून देल्ले, खाली माह्या बापानं अंगठा लावला." पहिली दोन बेचाळीसच्या डिसेंबरातली, जबलपूरहून: पोहोचलो, जेवण बरे आहे, बैलाची काळजी घ्यावी. तिसरं तिनं माझ्या हातात दिलं नाही, स्वतःच वाचलं, म्हणजे पाहिलं आणि म्हटलं, कारण ते तिला पाठ होतं. "मुलगी झाल्याचे पत्र पावले. मुलगी झाली म्हणून तोंड पाडू नये. नाव पुष्पा ठेवावे. मी खुशाल आहे." मग माझ्याकडे पाहिलं. "गाव मले फरारीची पोर म्हणे तं मी म्हणो, असन फरारी, पण मले नाव देऊन गेला. तुमचे नावं तं मास्तरनं ठेवले. माह्यं नाव लढाईवरून आलं. मी वाचाले शिकली ते या पत्रासाठी." तिनं पत्र माझ्यापुढे धरलं. डाव्या कोपऱ्यात तारीख होती. ता. १२/१०/४३.

पुष्पाबाई पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मली, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पोळा ऑगस्टात होता. जहाज एप्रिलात. मी ही वजाबाकी करत नव्हतो, ती आपोआप होत होती, मला थांबवता येत नव्हती. कंपनीच्या पत्त्यावर रुखमिणीचं पत्र गेलं असेल, मुलगी झाली म्हणून, मास्तरांकडून लिहून घेतलेलं. ते फिरत फिरत इस्पितळातून सुटलेल्या ताराचंदच्या हातात पडलं असेल. त्यानं नेहमीप्रमाणे उत्तर लिहिलं. अक्षर तर त्याचंच असायचं, कोणाला काय संशय येणार? आणि खाली अंगठा. मी चष्मा पुसला. पहिल्या दोन पत्रांवरचे अंगठे रुंद, स्वच्छ, गोल रेषांचे. तिसऱ्यावरच्या अंगठ्याच्या मधून एक आडवी पांढरी रेघ गेली होती, जिथे शाई लागली नव्हती. धान कापताना बाबांच्या अंगठ्यावर विळा बसला होता, लढाईवर जायच्या आधी. ती खाच मी रोज पाहिली आहे. पाटीवर अक्षर गिरवायला ते माझा हात धरायचे तेव्हा ती माझ्या बोटांना लागायची. मी खुशाल आहे. ज्याचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही, त्याचा अंगठा मात्र त्यांनी दिला. "हा माह्या बापाचा अंगठा," पुष्पाबाई म्हणाली आणि तिनं आपलं बोट त्यावर टेकवलं. कागद तिथे गुळगुळीत, पातळ झाला होता. "लहान होती तं असं बोट ठेवून झोपो मी. आई म्हणे, झिजवशील. बरं, तिथी सांग ना. पत्र लिहिल्यावर किती दिवसानं गेला?"

माझ्या पिशवीत दुरुस्तीचा फॉर्म होता. त्यावर मृत्यूचा दिनांक छापलेला होता, आकड्यांत, तिला वाचता येईल असा. बत्तीस वर्षांत मी एका खिळ्याचा आकडा बदलला नाही. साहेबानं सांगितलं तरी बदलला नाही. त्यापायी दोन बढत्या हुकल्या, आणि त्याचा मला माज होता, आजही आहे. मला ऐकू आलं, मी म्हणत होतो, "दिवाळीनंतर. कार्तिक शुद्ध पंचमी." इतकं सफाईनं, तिथीसकट. तिनं बोटांवर मोजलं. "म्हणजे पत्रानंतर वीसेक दिवसं," ती म्हणाली. "मग पंचमीले करीन. फॉर्म आणला का? आण, सही करतो." मी पिशवीवर हात ठेवला. "तो यायचा आहे, बाई. मंजुरी झाली की येईल." रेणू दारातून म्हणाली, "मामाजी, ते यादीची लिंक मले पाठवा ना, सगळ्याईले दाखवते." मी म्हटलं, "ती बंद आहे सध्या." निघताना पुष्पाबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुह्या बापानं लय सोसलं असन रे."

फॉर्म मी अजून पाठवलेला नाही. पाठवला तर उत्तरात सतरा एप्रिल येईल, न पाठवला तर भय्याजी कायमचा महापरसाद. तीनशे बारा बरोबर आहेत, सगळ्या जगासाठी बरोबर आहेत. चूक फक्त माझ्याकडे आहे आणि ती मी जपतो. पितृपक्षात पंचमीला पुष्पाबाईनं गावजेवण घातलं. कधी फरारी म्हणणारी, आता दात नसलेली दोन म्हातारी माणसं पहिल्या पंगतीला होती, रेणूनं फोटो पाठवले. मी फोटोतली माणसं मोजली नाहीत. हल्ली मी काहीच मोजत नाही. चंद्रकांता म्हणते, पेपर वाचता वाचता तुम्ही अंगठा पाहत बसता. रेणूपासून मला जपून राहावं लागतं. ती हुशार आहे, यादी ती एक दिवस शोधून काढेल. दर सोमवारी सकाळी, ऑफिसं उघडायच्या वेळेला, पुष्पाबाईचा फोन येतो. "कागद आला का रे?" "नाही, बाई." "बरं." मग तब्येत, धान, पाऊस. पन्नास वर्षं तिची आई ज्या दाराशी उभी होती तिथे मी तिला पुन्हा उभी केली आहे, आणि या वेळी सरकार मी आहे.

गेल्या सोमवारी तिचा आवाज बसलेला होता. दोन दिवस सलाईन लागलं होतं, रेणूनं मला कळवलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, या महिन्यात नक्की येईल कागद." ती म्हणाली, "कायले त्याईच्या भरोशावर बसतं, कैलाश. तूच लिहून दे ना एक. तुह्या बापानं देल्ला होता तसा." मी फोन कानाला घट्ट धरला. "कोणता, बाई?" "बापा, मले दोन डोळे आहेत. तीनही पत्रं सत्तर वर्षं पाहून राहिली मी. तुह्या बापाचा अंगठा मी पाहिला नाही का? शाळेत माह्यं नाव टाकाले तोच आला होता, माह्या हात धरून." तिला खोकला आला. "त्याचा कागद सांभाळला, तुहाही सांभाळीन. पण लवकर दे. आणि माह्या बापाचं नाव नीट लिही." फोन बंद झाला. तिनं ठेवला की तसाच तुटला, मला कळलं नाही.

आज गुरुवार. चंद्रकांता बाजारात गेली आहे. सरकारी पत्र कसं दिसतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार: वर संदर्भ क्रमांक, खाली विषय, मग 'आपणांस कळविण्यात येते की'. मी भय्याजी वल्द दसाराम असं लिहिलं. हात थांबला नाही. नावापुढची जागा मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, तिथे आता मृत्यूचा दिनांक घालायचा आहे.